पानावर डाग दिसला की लगेच फवारा? परसबागेतल्या या चुका टाळा

भाद्रपदात पावसाने झड लावली की मराठवाड्यातल्या परसात आणि गच्चीवर एकसारख्या तक्रारी सुरू होतात. दोडक्याची पानं पिवळी पडली, टोमॅटो खालून करपत चालला, भेंडीवर काहीतरी पांढरं आलं. मग घरातलं कुणीतरी कृषी सेवा केंद्रात जाऊन "बुरशीवरचं काहीतरी द्या" म्हणतं. दुकानदार हाताशी असलेली पुडी देतो आणि संध्याकाळी सगळ्या माळव्यावर एकाच मापाने फवारा बसतो. आठवडा उलटला तरी पानं तशीच. दोष पुडीला दिला जातो, पण चूक बहुतेक वेळा पुडी आणण्याच्या आधीच झालेली असते.

पान न उलटता औषध आणणं

सकाळी लवकर, दव असतानाच झाडापाशी जा आणि पान दोन्ही बाजूंनी बघा. वरच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे गोल डाग, बोटाने पुसले तर निघणारे आणि चार दिवसांनी परत येणारे, ही भुरी. भेंडी, काकडी, भोपळा, वाटाणा, मेथी ही तिची आवडती ठिकाणं. पाऊस ओसरला, दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारवा सुरू झाला की ती येते. पान वरून पिवळसर, चौकटी-चौकटीचे डाग शिरांच्या आत अडकलेले आणि खाली करड्या-जांभळट रंगाची लव, हा काकडी, दोडका, कारल्यावरचा केवडा. टोमॅटोच्या खालच्या पानांवर तपकिरी डाग आणि त्यात एकात एक वर्तुळं, तो लवकरचा करपा. घेवड्याच्या पानामागे विटकरी फोड आणि बोट लावलं की गंजासारखी भुकटी, तो तांबेरा.

हा भेद कशाला करायचा? कारण केवडा आणि टोमॅटोचा उशिराचा करपा घडवणारे जीव मुळात खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. त्यांचं नातं शेवाळांशी अधिक जवळचं. म्हणून भुरीवर चालणारं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक त्यांच्यावर मारलं तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. आणखी एक घोटाळा: आपल्याकडे भेंडीच्या पिवळ्या शिरांनाही लोक केवडाच म्हणतात. तो विषाणूजन्य हळद्या आहे, पांढरी माशी तो पसरवते, आणि जगातलं कोणतंही बुरशीनाशक त्याला हात लावू शकत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण याच रोगाला तोंड देण्यासाठी नावाजला गेला. तेव्हा दुकानात नुसतं "केवडा" म्हणू नका, भेंडीचा की काकडीचा ते सांगा. शक्य असेल तर पानच न्या.

मिरचीचा चुरडा-मुरडाही याच रांगेतला. पानं वाटीसारखी वळली, झाड खुजं राहिलं, तर ते फुलकिडे, कोळी किंवा विषाणूचं काम. तिथे गंधक वगळता बुरशीवरचं बाकी काही उपयोगाचं नाही, आणि गंधकही फक्त कोळ्यांपुरतंच.

रोग नसलेला रोग

बोअरचं पाणी जड असेल आणि ते पानांवर पडून उन्हात वाळलं, तर थेंबाच्या आकाराचे पांढरे डाग राहतात. ती भुरी नसते, क्षार असतात. ते पसरत नाहीत, आणि ज्या पानांवर पाणी पडलं नाही ती स्वच्छ राहतात. काही भोपळ्यांच्या पानांवर शिरांच्या कोनात चांदीसारखे पट्टे जन्मजातच असतात. सगळ्या पानांवर ते सारखेच दिसतात, पुसल्याने जात नाहीत. त्यांच्यावर औषध मारणारे लोकही आहेत.

उन्हाळ्यात तर मोठीच फसगत होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की वांगी-भेंडीची पानं बारीक बारीक पिवळ्या टिपक्यांनी फिकट होतात. पानामागे जाळं दिसलं तर ते लाल कोळी. अशा कोरड्या उन्हात पानावरच्या बहुतेक बुरश्या दमलेल्या असतात, कोळी मात्र फोफावतात. पानामागे पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी निम्मं काम होतं.

कुंडीत निव्वळ काळी माती भरणं हे वेगळंच दुखणं. ती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. त्यावर बुरशीनाशक मारून काय होणार? माती बदला. कंपोस्ट आणि थोडी जाडी वाळू मिसळा, कुंडीचं भोक उघडं आहे का तेही बघा.

नळाला पाणी आलं म्हणून पाईप धरणं

आता खऱ्या कारणाकडे येऊ. आपल्याकडच्या अनेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, आलं तर वेळ ठरलेली नसते. रात्री नऊला पाणी आलं की आधी टाकी, मग बादल्या आणि शेवटी पाईप झाडांवर. हात वर करून सगळी गच्ची धुऊन काढली जाते. पानं रात्रभर ओली राहतात, आणि केवडा, करपा, तांबेरा यांना रुजायला नेमकं तेच लागतं. पानावर काही तास पाणी टिकलं की बीजाणू अंकुरतो. पान लवकर वाळलं तर तो तसाच मरून जातो.

पाणी कधी यावं ते आपल्या हातात नाही, पण कुठे घालावं ते आहे. पाईप आळ्यातच सोडा, किंवा पाणी साठवून सकाळी झारीने बुंध्याला द्या. खाली पाचटाचं किंवा वाळक्या पाल्याचं आच्छादन ठेवा. त्याने ओल टिकते आणि मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत. टोमॅटोचा करपा बहुतेकदा तिथूनच चढतो. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं झाड मोठं झाल्यावर काढून टाकलीत तर आणखी बरं.

भुरी मात्र या बाबतीत उलट्या स्वभावाची आहे. तिला ओलं पान लागत नाही, उलट पाण्याने तिच्या बीजाणूंचं नुकसान होतं. हिवाळ्यात भेंडीवर नुकती भुरी दिसली असेल तर सकाळी पानं पाण्याने धुऊन काढणं हा उपायच ठरतो, फक्त दुपारपर्यंत ती वाळली पाहिजेत. पावसाळ्यात काकडीवर हेच करू नका.

दाटी हे दुसरं कारण. मांडवावर दोडका, कारलं, घोसाळं एकत्र चढवलं की सावली आणि माळवं दोन्ही मिळतं, पण आत वारा शिरत नाही. एका लहान मांडवावर एक-दोन वेल पुरेत. जोर यावा म्हणून युरियाची मूठ टाकणंही थांबवा. कोवळ्या, लुसलुशीत पानांवर रोग आधी बसतो.

फवारताना होणाऱ्या चुका

मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकांचं माप साधारण एका लिटरला २.५ ग्रॅम, पाण्यात मिसळणाऱ्या ८० टक्के गंधकाचं २ ते ३ ग्रॅम. चहाच्या चमच्याने मापू नका, प्रत्येक पावडरचं वजन वेगळं भरतं. छोटा डिजिटल काटा आणा. पुडीवर आपल्या पिकाचं नाव आहे का आणि फवारल्यानंतर किती दिवसांनी तोडणी करायची, हे दोन्ही वाचा. पुडीवर जे लिहिलंय ते या लेखापेक्षा वरचं.

पालक, मेथी, कोथिंबिरीवर घरात रासायनिक औषध मारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्या-सव्वा महिन्यात येणारं पीक आहे. रोगट वाफा उपटा आणि दुसरीकडे विरळ पेरा.

मॅन्कोझेब आणि तांबं (म्हणजे कॉपर) ही बचावाची औषधं आहेत. पडलेला डाग त्याने पुसला जात नाही. लोक तिसऱ्या दिवशी जुनेच डाग बघून "फरक पडला नाही" म्हणत दुप्पट मात्रा मारतात आणि पानं जाळून घेतात. बघायची ती नवी पानं. ती स्वच्छ निघत असतील तर औषध लागू पडलं. फवारा पानामागेही पोचला पाहिजे. गंधक ३२-३५ अंशांच्या वर मारू नका, वेलवर्गीय पिकांवर तर जपूनच. निंबोळी तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवडे जाऊ द्या. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीवर वाढणारी उपयोगी बुरशी मातीत दिली असेल तर त्यावर कार्बेन्डाझिम ओतू नका, कारण ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे.

बोर्डो मिश्रण हे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीनाशक घरी करता येतं. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी द्राक्षावरच्या केवड्यासाठी ते पुढे आणलं. कोवळ्या भाजीपाल्याला अर्ध्या टक्क्याचं पुरतं: एका लिटरला ५ ग्रॅम मोरचूद आणि ५ ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा आणि मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ढवळत ओता. घासलेला लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी वापरून संपवा.

दूध, सोडा, राख

दुधाचा उपाय अगदीच हवेतला नाही. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, पातळ केलेल्या दुधाने झुकिनीवरची (काकडीसारख्या दिसणाऱ्या भोपळ्यावरची) भुरी आटोक्यात आली होती. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, भुरीच्या सुरुवातीला, सकाळच्या उन्हात. केवडा-करप्यावर त्याची आशा धरू नका. खायचा सोडा वारंवार मारला की सोडियम मातीत साठतं, आणि आपली काळी माती आधीच विम्लतेकडे (अल्कधर्माकडे) झुकलेली. राख भुरभुरण्याने बुरशी मरत नाही, उलट खरी भुरी आली तरी राखेखाली दिसत नाही.

उपटलेलं तिथेच टाकणं

रोगट पानं कोरड्या वेळी तोडा आणि थेट पिशवीत भरा. एका वेळी झाडाची एक तृतीयांशाहून जास्त पानं काढू नका. घरचा लहान कंपोस्ट ढीग पुरेसा तापत नाही, तेव्हा ती त्यात टाकू नका. टोमॅटोच्या कुंडीत पुढच्या हंगामात पुन्हा टोमॅटो, वांगी किंवा मिरची लावू नका, तिथे मेथी किंवा घेवडा येऊ द्या. करप्याने गेलेल्या झाडाचं बी धरू नका. आणि दोन महिने भरपूर काकड्या देऊन झालेल्या वेलावर भुरी चढली असेल तर त्याचं वय झालंय, औषध न मारता तो काढा.

एवढं करूनही रोग कळत नसेल तर जवळचं कृषी विज्ञान केंद्र गाठा: खरपुडी, सगरोळी, तुळजापूर, बदनापूर, किंवा थेट परभणीचं विद्यापीठ. नमुना सकाळी तोडा, निम्मं पान निरोगी आणि निम्मं रोगट असेल असा. तो वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पानाला घाम येतो आणि पोचेपर्यंत त्यावर भलतीच बुरशी वाढते.