ईडिपसला सहा मार्क

एम.ए.च्या पहिल्या सेमिस्टरला अंतर्गत चाचणीत सोफोक्लीजच्या 'ईडिपस राजा' या ग्रीक नाटकावर प्रश्न होता : शोकनायक म्हणून ईडिपसचे गुणदोष लिहा. मी अडीच पानं भरली. आधी गुण : शूर, हुशार, प्रजेची काळजी असलेला. मग दोष : राग, गर्व, उतावळेपणा. आणि शेवटी, 'अशा रीतीने गर्वामुळे त्याचा सर्वनाश झाला.' पंधरापैकी सहा मिळाले. समासात बाईंनी लाल पेनाने दोनच शब्दसमूह लिहिले होते : 'कोणता गर्व? कधी?' मला रागच आला, कारण गाइडात अगदी तसंच छापलं होतं.

आता मी तासिका तत्त्वावर हाच पेपर शिकवते आणि तीच अडीच पानं दर वर्षी वेगवेगळ्या अक्षरांत माझ्यासमोर तपासायला येतात. म्हणून हे लिहायला बसले.

खरी गोष्ट अशी की तेव्हा मी नाटक वाचलेलंच नव्हतं. कथासार वाचलं होतं. सोफोक्लीजचं हे नाटक जेमतेम दीड हजार ओळींचं आहे, एका बैठकीत संपतं. सुट्टीत घरी गेल्यावर एका दुपारी मी ते मोठ्याने वाचून काढलं. आई दोनदा डोकावून गेली, कुणाशी भांडतेय म्हणून. वाचून झाल्यावर वहीच्या मागच्या पानावर घटना क्रमाने लिहिल्या. नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिलं हेच करायला लावते, कारण बाईंच्या 'कधी?'चं उत्तर त्या पानावर मिळतं.

क्रम असा. ईडिपस कोरिंथच्या राजाराणीला आपले आईबाप समजून वाढलेला. तिथे एका मेजवानीत कुणीतरी दारूच्या नशेत त्याला म्हणतो, तू तुझ्या बापाचा नाहीस. तो डेल्फीला, अपोलो देवाचा कौल घ्यायला, जातो. तिथून निघाल्यावर तीन वाटा मिळतात तिथे एका म्हाताऱ्याला आणि त्याच्या माणसांना मारतो. थीब्जला येऊन शहराला छळणाऱ्या स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं सोडवतो, राजा होतो, विधवा राणी योकास्ताशी लग्न करतो, चार मुलं होतात. तो म्हातारा म्हणजे थीब्जचा राजा लायस, ईडिपसचा खरा बाप, आणि योकास्ता त्याची आई; त्यांनी त्याला तान्हेपणीच टाकून दिलं होतं. यातलं त्याला काही माहीत नसतं. मग शहरात साथ येते. आणि इथे, एवढं सगळं होऊन गेल्यावर, नाटक सुरू होतं.

आता बघा. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस याच्यावर तो खेकसतो, राणीचा भाऊ क्रेऑन याच्यावर राजद्रोहाचा आळ घेतो, तो राग आणि संशय आपल्याला रंगमंचावर दिसतो. पण तोवर बाप मरून कितीतरी वर्षं झालेली आहेत आणि लग्नही झालेलं आहे. टायरेसिअसशी तो अगदी नम्रपणे बोलला असता तरी यातलं काय टळलं असतं? काहीच नाही. म्हणजे आपण ज्या प्रसंगातून 'दोष' उचलतो तो प्रसंग नाशाचं कारणच नाही. माझे नऊ मार्क तिथे गेले.

मग तीन वाटांवरचा राग? तो तरी धरायचा का? तिथे काय झालं हे ईडिपस स्वतःच योकास्ताला सांगतो. रथापुढच्या माणसाने आणि म्हाताऱ्याने त्याला जबरदस्तीने वाटेतून हटवायला बघितलं. त्याने रथ हाकणाऱ्याला मारलं. तो रथाजवळून जाताना म्हाताऱ्याने नेम धरून त्याच्या डोक्यात पराणी हाणली. मग काठीच्या एका फटक्यात म्हातारा खाली, आणि पाठोपाठ सगळेच. शीघ्रकोपी माणूस आहे, यात वाद नाही. पण सोफोक्लीजच्या शेवटच्या नाटकात, 'कोलोनस येथील ईडिपस'मध्ये, हाच माणूस म्हातारपणी क्रेऑनला विचारतो की आत्ता इथे कुणी तुला मारायला आलं, तर तू आधी त्याला विचारशील का, बाबा रे, तू माझा बाप तर नाहीस ना? या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नाही. नाटक वाचूनही मला ते पटकन देता येत नाही.

ॲरिस्टॉटलकडे वळायचं ते इथे, आधी नाही. 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात तो म्हणतो की शोकनायक पूर्ण सज्जनही नको आणि दुष्टही नको. मधला हवा, नावलौकिकाचा हवा, आणि त्याचा पाडाव दुष्टपणामुळे नव्हे तर 'हॅमार्शिया'मुळे व्हावा. हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदापासून आला ते भाल्याचा किंवा बाणाचा नेम चुकण्यासाठीही वापरत. आपली गाइडं त्याचं भाषांतर सरळ 'स्वभावदोष' असं करतात आणि मग विद्यार्थी दोष हुडकायला लागतात. नेमबाजाचा नेम चुकला तर आपण त्याला दुर्गुणी म्हणत नाही.

आणि गर्व, म्हणजे तो प्रसिद्ध 'ह्युब्रिस'? त्या प्रकरणात हा शब्द येतच नाही. अथेन्समध्ये ह्युब्रिस हा कायद्याने गुन्हा होता : दुसऱ्याला मुद्दाम अपमानित करणं, आणि त्यात मजा घेणं. नाटकातलं कोरस, म्हणजे गाणारा नागरिकांचा समूह, एका गाण्यात ह्युब्रिसमधून जुलमी राजा जन्मतो असं म्हणतं, तेव्हा शब्द नाटकात आहे; पण म्हणून 'गर्व = हॅमार्शिया' असं समीकरण मांडू नका. नेट-सेटच्या पर्यायांत हे दोन्ही शब्द शेजारी दिसतात, तिथे तर जास्तच जपा.

मग ईडिपसचा नेम कुठे चुकला? मला विचाराल तर डेल्फीला. तो गेला होता आपले आईबाप कोण हे विचारायला. अपोलोने त्याचं उत्तर दिलंच नाही. तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, एवढंच सांगितलं. विचारलेला प्रश्न तसाच राहिला, आणि हा कोरिंथपासून लांब पळाला, म्हणजे ज्या गोष्टीची शंका घेऊन निघाला होता तीच, कोरिंथचे राजाराणीच आपले आईबाप ही, खरी धरून चालू लागला. शंका नसती तर आपण समजू शकलो असतो. ग्रीकमध्ये 'ओइदा' म्हणजे 'मला माहीत आहे'. त्याच्या नावाचा मूळ अर्थ सुजलेल्या पायाचा, पण त्या नावात हा 'ओइदा'ही ऐकू येतो आणि सोफोक्लीज त्याच्याशी खेळत राहतो. स्फिंक्सचं कोडं सोडवणाऱ्याने स्वतःपुरतं उत्तर न तपासता लिहून टाकलं.

आता गुणांची बाजू. नाटकाच्या सुरुवातीला लोक गाऱ्हाणं घेऊन येतात, तर याने आधीच क्रेऑनला डेल्फीला पाठवलेलं असतं. कौल येतो : लायसचा मारेकरी शोधून घालवा, तरच साथ जाईल. प्रश्न दिसला की हा स्वस्थ बसू शकत नाही. पुढे लोक त्याला थांबवू बघतात, ते प्रसंग पेन्सिलने खुणा करत वाचा. टायरेसिअस म्हणतो, मला घरी जाऊ दे. योकास्ताच्या सगळं लक्षात आल्यावर ती देवाची शपथ घालते, जिवाची पर्वा असेल तर हे शोधू नकोस. शेवटी मेंढपाळ, ज्याच्या हातात ते तान्हं मूल दिलं होतं. तो म्हणतो, आता मला भयंकर ते बोलावं लागणार. ईडिपस म्हणतो, आणि मला ऐकावं लागणार. पण ऐकलंच पाहिजे. त्याला उत्तर कळलेलं आहे. तरी ऐकतो. वर्गात हे वाचताना मी दर वेळी जरा थांबते.

जी ओढ थीब्जला स्फिंक्सपासून सोडवते तीच इथे आहे. ती गुणांच्या रकान्यात टाकायची की दोषांच्या, म्हणून मी रकानेच सोडून दिले. एका मुलीने विचारलं होतं, 'मॅडम, तो थांबला असता तर?' तर लायसचा मारेकरी शहरात मोकळा, आणि साथ तशीच.

सगळे नायक याच साच्यात बसवायला जाऊ नका. 'अँटिगनी'तल्या क्रेऑनची चूक तर डोळ्यांदेखत घडते. भावाच्या प्रेताला मूठमाती दिली म्हणून त्याने अँटिगनीला गुहेत कोंडलेलं असतं. कोरस त्याला सांगतं, आधी पोरीला गुहेतून सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. तो पटल्यासारखा निघतो, आणि आधी प्रेताकडे जातो, सगळे संस्कार नीट करतो, मग गुहेकडे. तोवर तिने फास लावून घेतलेला असतो. युरिपिडीजच्या नाटकातली मीडिया तर स्वतःच्या मुलांना मारून सूर्याच्या रथातून निघून जाते; तिथे पाडाव कुणाचा ते वर्गाला ठरवू द्या. आणि 'शोकांतिका' हा शब्दही जपूनच वापरा : 'फिलोक्टिटिस'सारख्या नाटकाचा अंत शोकात होत नाही, तरी ग्रीकांच्या लेखी ते त्याच प्रकारात मोडतं. 'शोकात्मिका' मला बरा वाटतो.

परीक्षेपुरतं एक सांगते. कोरस गाळून वाचू नका, आणि शेवट तर नीट वाचाच. आंधळा ईडिपस स्वतःला देशाबाहेर घालवा म्हणतो, मुलींना जवळ धरतो, क्रेऑनला एकामागून एक सूचना देत राहतो. मुलींना दूर करायला लागल्यावर म्हणतो, यांना नेऊ नकोस. तेव्हा क्रेऑन त्याला सांगतो, सगळ्याच बाबतीत हुकूम चालवायला जाऊ नकोस.