आहेराने भरलेले कपाट आवरताना

खानदेशातील बहुतेक घरांत कपाट खरेदीने कमी आणि आहेराने जास्त भरते. लग्न, साखरपुडा, वास्तुशांती, इतकेच काय दुखवट्यालाही साडी, ब्लाऊज पीस, टॉवेल-टोपी किंवा शर्ट-पँटचे कापड घरात येते आणि देणाऱ्याचा मान म्हणून ते आहे त्या पिशवीसह कप्प्यात जाते. म्हणूनच कपाट आवरताना प्रत्येक कपडा आवडतो की नाही हे ठरवत बसण्यापेक्षा तो घरात कसा आला, हे आधी पाहावे. स्वतः निवडून घेतलेल्या आणि आहेरात आलेल्या कपड्यांचे दोन ढीग केले, की निम्मा गुंता तिथेच सुटतो.

या कामाला आखाजीपूर्वीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेपूर्वीचे दोन आठवडे उत्तम. स्वेटर, शाली आणि मफलर तेव्हा तसेही आत जायचे असतात, हवा कोरडी असल्यामुळे कपडे दमट राहून त्यांना वास लागण्याची भीती नसते, आणि सणाला माहेरवाशिणी घरी येणार असल्याने एखादी साडी कोणाला हवी आहे का, हे समोरासमोर विचारता येते. पावसाळ्यात मात्र हे काम काढू नये. संपूर्ण कपाट एकदम पलंगावर ओतण्याचा मोहही टाळावा. एका बैठकीत एकच कप्पा रिकामा करावा, तो पुसून कोरडा होऊ द्यावा आणि मगच पुढचा उघडावा.

स्वतः घेतलेल्या कपड्यांचा निकाल लवकर लागतो. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि अशा दिवसांत अंगाला चिकटणारा सिंथेटिक कुर्ता कितीही सुंदर दिसला तरी हात आपोआप सुती कपड्याकडेच जातो. जो कपडा उन्हाळ्यात नकोसा वाटतो, हिवाळ्यात पुरेसा उबदार नसतो आणि समारंभातही साधा दिसतो, त्याला जागा देण्याचे कारण उरत नाही. बारीक झाल्यावर घालू म्हणून ठेवलेल्या पँटींपैकी एखादी खुशाल ठेवावी, पण सगळा गठ्ठा नको. सफारी सूट ज्यांच्या घरात अजून टांगलेले आहेत, त्यांना वेगळे काही सांगण्याची गरज नसावी.

खरा वेळ आहेराच्या ढिगाला द्यावा लागतो. न वापरलेली साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली, तर कापड घडीच्या रेषेवर कमकुवत होते. अशी साडी पूर्ण उलगडून उजेडासमोर धरावी आणि घडीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हलकेच ताणून पाहावे; धागे विरळ दिसले किंवा बारीक चर्र आवाज आला, तर ती पुढे कोणाला देण्याजोगी राहिलेली नाही. जी धडधाकट आहे आणि आपण नेसणार नाही, ती पुढच्या आहेरात देण्यात कमीपणा नाही, कारण आहेर फिरतो हे सर्वांनाच ठाऊक असते. फक्त ती ज्या घरातून आली त्याच घरी परत जाऊ नये, यासाठी प्रत्येक साडीला देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि साल लिहिलेली चिठ्ठी टाचणीऐवजी दोऱ्याने बांधावी, कारण टाचणी गंजली की डाग पडतो. ब्लाऊज पिसांमध्ये सुती आणि सिंथेटिक वेगळे करून ठेवले, तर ऐनवेळी ओटी भरताना सगळी पिशवी उपसावी लागत नाही.

ज्यांच्याबाबत निर्णय होत नाही, त्या कपड्यांना रंगीत दोरा बांधून ते परत ठेवावेत. कपडा वापरला की दोरा काढावा. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, हिवाळा, उन्हाळा आणि सगळे सण होऊन जातात. एवढ्या काळातही दोरा तसाच असेल, तर तो कपडा बाहेर काढावा.

पैठणी, शालू आणि सासूबाईंचे नऊवारी लुगडे क्वचित वापरात असले तरी त्यांना हा नियम लावू नये. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावीत, तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी आणि उन्हात न टाकता सावलीत वारा द्यावा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. त्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवाव्यात.

बाहेर निघालेल्या कपड्यांना वाट ठरवून द्यावी, नाहीतर तो गठ्ठा माळ्यावर चढतो आणि मग तिथेच राहतो. मऊ झालेल्या सुती साड्या आणि धोतरे गोधडीसाठी सर्वांत चांगली. सिंथेटिक साडी घाम शोषत नसल्यामुळे ती निदान अंगाला लागणाऱ्या थरात नको. बोहारीण साडीचा पदर उन्हाकडे धरून एक-एक छिद्र शोधते, त्यामुळे तिच्यासमोर फाटके कपडे चांगल्यांत लपवून काही साधत नाही. भांडे आधी ठरवावे आणि मग गठ्ठा सोडावा. लहान झालेला शाळेचा गणवेश त्याच शाळेतील दुसऱ्या मुलाच्या घरी द्यावा. स्वेटर आणि ब्लँकेट धडगाव-तोरणमाळकडे पाठवायची असतील, तर ती धुऊन, बटणे लावून दिवाळीच्या आधी पोहोचतील असे पाहावे, कारण सातपुड्यातील थंडी त्यानंतर वाढत जाते. जे कापड आपण स्वतःच्या पाहुण्याला देणार नाही, ते दानाच्या पिशवीत घालू नये. त्याची फरशी पुसण्यासाठी फडकी करावीत.

शेवटी एक कप्पा मुद्दाम रिकामा ठेवावा आणि पुढे येणारा प्रत्येक आहेर चिठ्ठी लावून तिथेच जाऊ द्यावा. तो भरला, की दुसऱ्या कप्प्यात हात न घालता आधी त्याचाच निकाल लावावा.