शरद म्हणजे पानगळ नव्हे : या चुका टाळा

गेल्या आश्विनात भाची सहा ऋतूंचा तक्ता रंगवत बसली होती. नेटवरून उतरवलेल्या चित्रात ‘शरद’च्या घरात मेपलचं झाड होतं आणि खाली तांबड्या पानांचा खच. तिनं पडवीतून बाहेर पाहिलं. ‘‘मामा, आपल्याकडे कुठे पडलीत पानं?’’ समोर मळ्यात हळवं भात कापून आडवं पडलेलं, गरवं अजून उभं, लोंब्या ओझ्यानं वाकलेल्या. आंबा, फणस, काजू हिरवेगच्च. पोरीचं बरोबर होतं, तक्ता चुकला होता.

इंग्रजीत ऑटम दिसला की मराठीत शरद लिहिणं

ही चूक सगळ्यांत जास्त होते, कारण ती अर्धी बरोबर असते. शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक, आणि युरोपातला ऑटमही साधारण तेव्हाच येतो. घोळ होतो तो पानांचा. अमेरिकेत या ऋतूला ‘फॉल’ म्हणतात ते पानं गळतात म्हणून. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. कोकणात हे पुस्तकात बघावं लागत नाही. रानातला पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पानं, गोळा करून तरव्याची (भाताच्या रोपांची) जमीन भाजायची ती शिशिरापासून पुढे, दिवाळीत कुणी पातेरा गोळा करायला जात नाही.

भाषांतरात पानं झडत असतील तर सरळ ‘पानगळीचे दिवस’ लिहा. ऑस्ट्रेलियातला ऑटम तर मार्च ते मे. तिथे ‘शरद’ लिहिलंत तर वाचक चैत्र-वैशाखात कोजागरी शोधत बसेल.

मूळ धातूवरून उडी मारणं

जुने कोशकार शरद् हा शब्द ‘शॄ’ धातूपासून लावतात. शॄ म्हणजे मोडणं, विखरणं. आपल्या ‘जीर्णशीर्ण’मधला ‘शीर्ण’ त्यातलाच. इथे पुष्कळजण ‘बघा, गळणंच!’ म्हणून टाळी देतात. पण कोशकारांनी दिलेलं स्पष्टीकरण पुढे वाचायला हवं : ज्या ऋतूत ओषधी पिकून शीर्ण होतात तो शरद. आणि ओषधी म्हणजे फळ पिकलं की जिचं आयुष्य संपतं ती वनस्पती, म्हणजे भात, नाचणी, वरी. झाडाच्या पानांचा इथे संबंधच नाही. काही अभ्यासक हा शब्द ‘श्रा’ म्हणजे शिजणं, पिकणं या धातूशीही जोडतात. दोन्हीकडून येऊन पोचतो तो पिकण्यापाशीच. शरद पौर्णिमेलाच आमच्याकडे नव्याची पुनव असते. भाताच्या लोंब्या, कुर्डूची फुलं, आंब्याची पानं एकत्र गुंफून दाराला ‘नवं’ बांधतात. शब्दाचा अर्थ दारावर टांगलेला असतो म्हणा ना.

(‘शर’ म्हणजे बाण, तो ‘देणारा’ शरद, हीसुद्धा एक व्युत्पत्ती ऐकली आहे. ती सोडून द्या.)

शरद म्हणजे फक्त ऋतू असं धरून चालणं

‘पश्येम शरदः शतम्’ या वेदमंत्रात शंभर शरद म्हणजे शंभर वर्षं. वर्षं मोजायची ती ऋतूंवरून : पावसाळा तो ‘वर्षा’ आणि बारा महिने ते ‘वर्ष’, ही जोडीही तशीच. गंमत पुढे आहे. प्राचीन इराणी भाषांत शरदाचा सख्खा भाऊ ‘वर्ष’ याच अर्थानं नांदत होता, फारसीत त्याचं ‘साल’ झालं आणि ते साल मराठीत आलं. म्हणजे ‘यंदाच्या साली शरद ऋतू’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो.

शारदीय नवरात्राचं नाव शारदेवरून आलं असं सांगणं

नाही. शरदात येतं म्हणून शारदीय, चैत्रातलं ते वासंतिक.

लिहिण्यातल्या चुका

मराठीत ‘ऋतू’ दीर्घ, पण समासात ‘ऋतुचक्र’, ‘ऋतुमान’ ऱ्हस्व. शरद् आणि चंद्र जोडले की ‘शरच्चंद्र’, ‘शरदचंद्र’ नव्हे. आणि सगळ्यांत वाईट हाल वाढदिवसाच्या बॅनरवर. एसटी स्टँडसमोर ‘जिवेत शरद शतम’ नाही असा महिना जात नाही. हवं ‘जीवेत् शरदः शतम्’ : जी दीर्घ, त आणि म चे पाय मोडलेले, शरदपुढे विसर्ग. विसर्ग गेला की शंभर वर्षांच्या आशीर्वादातलं अनेकवचनच जातं. हे मी एकदा फ्लेक्सवाल्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ‘‘काका, दोन टिंबांचे वेगळे पैसे नाय घेणार, टाकतो.’’