दोघांसाठी पुणे ते कोल्हापूर: वार पाहून आखलेली तीन दिवसांची मोटार सहल

पुण्याहून कोल्हापूर महामार्गाने सुमारे 230 किलोमीटर आहे. हे अंतर एका दमात कापून मुक्कामी पोहोचण्यापेक्षा वाटेतली दोन-तीन ठिकाणे मनापासून पाहत जायची असतील, तर शुक्रवारी पहाटे निघून रविवारी रात्री परतावे, असे मी आग्रहाने सांगेन. हे वार मुद्दाम निवडलेले आहेत. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार मानले जातात, आणि त्या दिवशी कोल्हापूरच्या खानावळींत चुलीवरचा रस्सा खऱ्या अर्थाने रंगात असतो. मधला शनिवार खिद्रापूर आणि नृसिंहवाडीसाठी ठेवला की सात्त्विक जेवण आणि देवदर्शन यांची सांगड आपोआप बसते. ऋतू म्हणाल, तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेला पूर आला की वाडीचे मंदिरच पाण्याखाली जाते आणि त्या भागातले रस्तेही बंद होतात.

आमची पहिली सहल फसली होती, हे आधी सांगितले पाहिजे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोन दिवसांत नऊ ठिकाणांची यादी केली आणि खिद्रापूरच्या मंदिरात पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. मंडपातले खांब हाताला लागत होते, पण डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. रात्री कोल्हापुरात परतलो, तर ज्या खानावळीच्या भरवशावर दिवसभर पोट रिकामे ठेवले होते तिथला रस्सा संपलेला होता. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो: दिवसाला मोठे ठिकाण एकच, मोठे जेवण एकच, आणि दोन्हींची वेळ आधी ठरवूनच बाकीचा दिवस आखायचा.

शुक्रवारी सकाळी सहाच्या आत पुणे सोडावे. खंबाटकी घाटात मालट्रकांची रांग लागण्यापूर्वी तो ओलांडलेला बरा. पुढे सुरूर फाट्यावरून वाईकडे वळावे. वाईत ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीला जावे, कारण नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्यामागचा कृष्णेवरचा घाट सकाळी शांत असतो. घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळासमोर एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्याजवळ जाऊन नीट पाहा: तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि 1707 हे साल उठावात कोरलेले दिसेल. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतलीच ही एक. शंकराच्या दारात ती इतकी वर्षे नांदते आहे, हे पाहून माझी पत्नी बराच वेळ तिच्याखाली उभी होती.

साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाट्यावरून आत गेले की बारा मोटेची विहीर लागते. शके 1641 ते 1646 या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. तिच्या पोटात चक्क महाल आहे, आणि पायऱ्या उतरून त्या गारव्यात गेल्यावर बाहेरचे ऊन विसरायला होते. पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून पायात घट्ट बसणारी पादत्राणे हवीत. साताऱ्यात कंदी पेढे घ्यावेत, पण थोडेच. खरी भूक संध्याकाळसाठी राखून ठेवायची आहे. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे सुरू असल्याने पुढच्या 120 किलोमीटरना तीन तासांपेक्षा जास्त वेळ धरावा आणि अंधार पडण्यापूर्वी कोल्हापूर गाठावे.

खानावळीत आठच्या सुमारास पोहोचावे. ताटात सुक्के मटण, तांबडा, पांढरा आणि भाकरी किंवा चपाती येते. आमच्या मते पांढरा आधी प्यावा. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस आणि काजूचे वाटण घालून तो करतात, आणि नारळाचे दूध फुटू नये म्हणून ते पडल्यावर त्याला खळखळून उकळी येऊ देत नाहीत. त्याची ही नाजूक चव तांबड्यानंतर जिभेला कळतच नाही. जेवणानंतर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जावे. तिथे म्हशी समोरच बांधलेल्या असतात आणि धार काढून फेसाळलेले कोमट दूध लगेच पेल्यात हाती मिळते.

शनिवारी सकाळी मिसळ खाऊन आठपर्यंत निघावे. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात, त्याचे नवल वाटू देऊ नये. खिद्रापूर साठेक किलोमीटरवर आहे, आणि या साऱ्या सहलीत माझ्या मते सर्वांत जास्त वेळ देण्यासारखी जागा तीच आहे. शिलाहारांच्या काळातल्या कोपेश्वर मंदिराच्या पुढच्या भागाला स्वर्गमंडप म्हणतात; त्याचे छत मधोमध गोल उघडे आहे. खाली त्याच आकाराची गोल शिळा आहे. तिच्यावर उभे राहून वर पाहिले की खांबांच्या कड्यात बसवलेला आकाशाचा तुकडा दिसतो. मंदिराच्या बाहेरून फिरताना गजपट्ट चुकवू नये. अख्खे मंदिर पाठीवर तोलून धरलेले हत्ती एकसारखे मुळीच नाहीत. शंकराचे मंदिर असूनही समोर नंदी नाही. रुसलेल्या शंकराची, म्हणजे कोपेश्वराची, समजूत काढणाऱ्या विष्णूचे, म्हणजे धोपेश्वराचे, लिंगही गाभाऱ्यात आहे, आणि नंदी मात्र कर्नाटकातल्या यडूरला आहे, असे गावकरी सांगतात. दोन तास सहज जातात. दुपारी नृसिंहवाडीत जेवावे, संगमावर बसावे आणि बासुंदी व कवठाची बर्फी घेऊनच उठावे.

रविवारी गर्दीच्या आधी, सातपर्यंत, पन्हाळा गाठावा. कोल्हापुरापासून तो 20 किलोमीटरवर आहे. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. अंबरखाना, अंधारबाव आणि तीन दरवाजा एवढेच नीट पाहावे. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज याच गडावरून भर पावसात विशाळगडाकडे निघाले, हे सज्जाकोठीवर उभे राहून आठवले की खालचा उतार वेगळाच दिसू लागतो. गडावर बायका टोपलीत झुणका-भाकर, खर्डा आणि दही घेऊन बसतात. न्याहारी तिथेच करावी. खाली उतरून दुपारी एकच्या आत पुन्हा खानावळ गाठावी, आणि ताटावरून उठल्यावर तासभर विश्रांती घेतल्याशिवाय गाडी चालवू नये. परतीला दोघांपैकी ज्याने सकाळी गाडी चालवली नसेल, त्याने ती कराडपर्यंत चालवावी.