यूथमधल्या मुलामुलींसाठी: स्टेटसच्या वचनावर भागत नाही, आख्खा अध्याय वाचा

"दादा, विश्वासात टिकून कसं राहायचं?" चर्चच्या यूथ मीटिंगला हा प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मोबाईलमध्ये बायबल ॲप असतं, सकाळी नोटिफिकेशनला एक वचन येतं, ते स्टेटसला जातं आणि वाचन तिथंच संपतं. मग घरात कोणी आजारी पडलं किंवा ऑफिसात कोणी वेडावाकडा प्रश्न टाकला की ते एक वाक्य पुरत नाही, कसं पुरेल?

यिर्मया २९:११ घ्या. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, हे वचन रिझल्टच्या दिवशी ठाण्यापासून पनवेलपर्यंत निम्म्या ख्रिस्ती पोरांच्या स्टेटसला असतं. आता त्याच्या वरची ओळ वाचा, १०वी. बाबेलात ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन, असं लिहिलंय तिथं. ७० वर्षं! हे पत्र यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलंय, आणि त्यात आधी सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच शहरासाठी प्रार्थना करा. आणि एक पान मागे गेलात तर २८व्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा भेटतो, तो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येणार. ऐकायला कोणाला नाही आवडणार! त्याच वर्षी हनन्या मेला, आणि दोन वर्षांत काहीच परत आलं नाही.

म्हणून स्टेजवरून कोणी "तीन महिन्यांत तुझा व्हिसा होणार" म्हणाला आणि पाठोपाठ स्क्रीनवर क्यूआर कोड आला, तर हनन्या आठवा. सैतानानेसुद्धा येशूला स्तोत्र ९१ मधलंच वचन ऐकवलं होतं, मत्तय ४ मध्ये आहे.

सुरुवात उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून करू नका, तिसऱ्या पुस्तकात, लेवीयमधल्या नियमांत गाडी अडकते. मार्क घ्या. १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं. ट्रान्स हार्बर लोकलला ठाण्याहून बसलात आणि सीट मिळाली (मिळाली तर!) तर ऐरोली येईपर्यंत एक अध्याय आरामात होतो, फक्त ॲपमध्ये बायबल आधी डाऊनलोड करून ठेवा आणि डेटा बंद करा, नाहीतर दुसऱ्या ओळीला रील सुरू. घरी मात्र कागदाचंच बायबल आणि पेन्सिल. कोण कोणाशी बोलतंय, लगेच आधी काय झालंय, आणि यातलं मला आज काय करायचंय, एवढंच मार्जिनला लिहा. कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा, अडून बसू नका. आजीचं बायबल जड वाटलं तर सोप्या मराठीतलं घ्या, त्यात कमीपणा कसला, पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून वर्षानुवर्षं खपून आख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना वाचता यावं म्हणूनच.

ती प्रश्नचिन्हं पाळकांकडे न्या, लाजू नका. बिरुया शहरातले लोक तर प्रेषित पौलाचं ऐकून रोज शास्त्रात तपासायचे, खरंच असं आहे का म्हणून, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांचं कौतुकच केलंय. शंका आली म्हणजे विश्वास गेला, असं जे सांगतात ते मला पटत नाही. मार्क ९ मधला आजारी मुलाचा बाप येशूसमोर ओरडतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, आणि त्याचा मुलगा बरा होतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही, तरी ते बायबलमध्ये आहे. वाईट दिवसात तेच मोठ्याने वाचा, प्रार्थना सुचत नसेल तर तीच प्रार्थना.

रविवारच्या शिफ्टचं काय, हे महापे-ऐरोलीत कामाला असलेले सगळे विचारतात. रोस्टर लागल्यावर भांडू नका, लागायच्या आधी बोला. गणपती-दिवाळीत तुम्ही शिफ्ट घ्या, मग गुड फ्रायडे आणि ईस्टर मागा, टीममधले लोक खुशीने बदलून देतात. तरी रविवार गेलाच तर मधल्या वारी कोणाच्या तरी घरच्या प्रार्थनासभेला जा. ऑनलाइन उपासना चालू ठेवून भाजी चिरणं हे मी तरी धरत नाही.

ऑफिसच्या पूजेचा प्रसाद घ्यायचा की नाही, यावर आपल्यातच दोन मतं आहेत, १ करिंथ ८ ते १० (मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल पौल तिथं लिहितो) सलग वाचून घरच्यांशी आणि पाळकांशी बोलून ठरवा. नाही म्हणायचं ठरलं तर हसून म्हणा, तिथं उभं राहून प्रवचन देऊ नका.

आणि एकट्याने करू नका हे. यूथमधला एक जण धरा, दोघांनी तोच अध्याय वाचायचा, रात्री मेसेज टाकायचा, "मार्क ४ झाला का?" ग्रुपवर नको, ग्रुपवर सगळे आमेन टाकतात आणि वाचत कोणीच नाही. मार्क संपला की फिलिप्पैकरांस घ्या, चारच अध्याय, पौलाने कैदेतून लिहिलेलं. ४:१३ ला, "मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो" या वचनाला पोचलात की वरच्या ११ आणि १२ पण वाचा, ते मॅचच्या आधी टाकायचं वचन नाही, पोटभर मिळालं काय आणि उपाशी राहायची पाळी आली काय, दोन्हींत कसं राहायचं ते पौल तिथं सांगतोय.