गाजर गवताचा बंदोबस्त फुलोऱ्याआधीच करावा

पावसाने जोर धरल्यावर बांधावर, उकिरड्याभोवती आणि रस्त्याच्या कडेला गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पाने जमिनीलगत पसरलेली रोपे दिसू लागली, की गाजर गवताच्या म्हणजेच काँग्रेस गवताच्या बंदोबस्ताला हात घालावा. मूळचे अमेरिका खंडातील हे तण भारतात १९५०च्या दशकात पुणे परिसरात प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. उगवणीनंतर महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते. प्रत्येक इवल्या पांढऱ्या फुलात बहुधा पाच बिया धरतात आणि एका जोमदार झाडावर त्यांची संख्या १० हजारांच्या पुढे जाते.

हे बी पसरवणारा वारा आणि वाहते पाणी अडवता येत नाही, परंतु बरीचशी काळजी आपल्या आवारातच घेता येते. तण असलेल्या शेतातून आलेला ट्रॅक्टर, रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र आपल्या शेतात उतरवण्यापूर्वी फाळ, टायर आणि सांदीकोपऱ्यांतील माती खरवडून धुऊन काढावी. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे, आणि विकत आणलेल्या रोपांच्या पिशव्यांत उगवलेले तण लागवडीपूर्वीच काढावे.

विळ्याने कापल्यास बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात, म्हणून जमीन ओली असताना मुळासकट उपटणे हाच खात्रीचा उपाय आहे. फुलोऱ्यापूर्वी उपटलेली झाडे कंपोस्ट खड्ड्यात टाकता येतात. फुलावर आलेली झाडे मात्र बांधावर फेकू नयेत, कारण उपटल्यानंतरही त्यांचे बी गळून रुजू शकते. या तणाच्या स्पर्शाने त्वचेला खाज व पुरळ येते आणि परागकणांमुळे दम्याचा त्रास बळावतो, त्यामुळे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला रुमाल आवश्यक आहे. पूर्वी ॲलर्जी झालेल्या व्यक्तीने हे काम करूच नये. एकदा उपटून भागत नाही. प्रत्येक चांगल्या पावसानंतर नवी उगवण होते, म्हणून पंधरा-वीस दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहावी.

पडीक जागेत तरोट्याचे म्हणजेच टाकळ्याचे बी पावसाळ्यापूर्वी फेकल्यास तो दाट वाढून गाजर गवताला दाबतो. यंदाची वेळ गेली असली, तरी पुढील वर्षासाठी तरोट्याच्या वाळलेल्या शेंगा हिवाळ्याच्या तोंडावर गोळा करून ठेवाव्यात. पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात या तणाची पाने फस्त करतो. तो आढळलेल्या पडीक पट्ट्यात कीटकनाशक फवारू नये.