नवे तंत्रज्ञान ग्राहकाला पटवताना या चुका टाळा

नव्या तंत्रज्ञानाची शिफारस ग्राहकाने फेटाळली, तर दोष बहुधा मांडणीत असतो. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे प्रोग्रामिंग भाषेचे गुणगान. रस्ट या भाषेत मेमरी सुरक्षित राहते, म्हणजे ती हाताळण्यातील चुका टळतात, हे प्रोग्रामरला भावते. ज्याला सेवा बंद पडण्याची आणि दुरुस्तीच्या खर्चाची धास्ती आहे, त्याला त्यातून काहीच उमगत नाही. आपल्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी मेमरी हाताळणीतील चुकांमुळे असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते. हा दाखला वजनदार आहे, परंतु तो मुख्यतः सी आणि सी प्लस प्लस या भाषांतील कोडला लागू पडतो. ग्राहकाची प्रणाली जावा किंवा पायथनमध्ये असेल, तर हाच आकडा पुढे करणे दिशाभूल ठरते, आणि जाणकार ग्राहक ते लगेच ओळखतो.

दुसरी चूक जुन्याला नावे ठेवण्याची. तो जुना निर्णय कदाचित समोर बसलेल्या व्यक्तीनेच घेतलेला असतो. शिवाय 'जुने' आणि 'आधार संपलेले' यांत मोठा फरक आहे: पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तर पोस्टग्रेस्क्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर कित्येक दशके जुने असूनही त्याची प्रमुख आवृत्ती साधारण दरवर्षी निघते. आधार संपलेला असेल, तर बदलाची निकड तारखेनिशी दाखवता येते. तंत्रज्ञान नुसते जुने असेल, तर ती ओढूनताणून आणू नये.

'तुम्ही गेल्यावर हे कोण सांभाळणार?' हा प्रश्न टाळणे मात्र सर्वांत महागात पडते. ते तंत्रज्ञान वापरणाऱ्यांचा समुदाय मोठा आहे, हे त्याचे उत्तर नव्हे. ग्राहकाच्या चमूतील कोणाला किती दिवसांचे प्रशिक्षण लागेल, नवी माणसे मिळण्यास किती अडचण येईल आणि दस्तऐवज कोण लिहील, हे प्रस्तावातच नमूद करावे.

संपूर्ण प्रणाली एकदम नव्याने लिहिण्याचा आग्रहही सोडावा. कोटलिन आणि जावा या भाषा एकाच प्रकल्पात नांदू शकतात, त्यामुळे तेथे एकेक फाइल बदलत जाणे शक्य असते. जेथे अशी सोय नाही, तेथे एक छोटा पण खऱ्या वापरातला भाग निवडावा, प्रतिसादाचा वेळ आणि सर्व्हरचा खर्च यांचे निकष आधीच ठरवावेत, आणि निकष पूर्ण न झाल्यास जुन्याकडे परतण्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा.